दोन पाकळ्यांची झडप

जंगिमच्या छातीत बावन्न वर्षांत कधी दुखलं नव्हतं. दुखायला लागलं ते मोक्पो शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी "घाबरण्यासारखं काही नाही" असं सांगितलं त्या दिवसापासून.

झालं होतं असं. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीची गाडी लाँचमध्ये चढून हान्यो बेटावर येते, तशी त्या ऑक्टोबरात आली. बेटावरचे डॉक्टर नाम यांनी जंगिमच्या छातीला नळी लावली आणि ती नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच धरून ठेवली. अठ्ठावीस वर्षांचा हा पोरगेला डॉक्टर, सैन्यातल्या सक्तीच्या चाकरीऐवजी तीन वर्षं बेटावर डॉक्टरकी करायला आलेला. तो म्हणाला, "मावशी, हृदयात फुसफुस ऐकू येतेय. एकदा मोक्पोला दाखवून या."

मोक्पोला दोन तास लाँचने. तिथल्या डॉक्टरांनी टू-डी इको काढला आणि कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. महाधमनीच्या तोंडाशी झडप असते, तिला तीन पाकळ्या असतात.

"तुमच्या झडपेला दोनच आहेत."

"एक गळून पडली?" जंगिमने विचारलं.

"नाही हो. जन्मापासून दोनच. शंभरात एखाद्याला असतं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जरासं गळतंय, आणि महाधमनी थोडी रुंद झालीय, एक्केचाळीस मिलिमीटर. वर्षातून एकदा येऊन दाखवत जा. घाबरण्यासारखं काही नाही. फक्त छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर घरी बसून राहू नका. आणि भावंडांना, मुलांना तपासून घ्यायला सांगा. हे घराण्यात असू शकतं."

घाबरू नका, आणि दुखलं तर बसून राहू नका. ही दोन्ही वाक्यं घेऊन जंगिम परतीच्या लाँचमध्ये बसली. पहिलं वाक्य खाडीच्या तोंडापर्यंतच टिकलं. बोट उघड्या समुद्रात शिरली तसं डाव्या बाजूला, बरगडीखाली, सुई टोचल्यासारखं झालं. तिने श्वास रोखून धरला. पुन्हा टोचलं.

त्या हिवाळ्यात ती अकरा वेळा डॉक्टर नामकडे गेली.

कधी टोचायचं, कधी जळजळायचं, कधी कुणीतरी गुडघा रोवून छातीवर बसल्यासारखं व्हायचं. नोव्हेंबर ते एप्रिल हा बेटावरचा कामाचा हंगाम. समुद्रातल्या जाळ्यांवर गिम वाढतं, ते शेवाळ कापून आणायचं, धुऊन कागदासारखं पातळ पसरून वाळवायचं. जंगिमच्या थोरल्या भावाची, गिल्सूची, जाळी होती आणि बोटही होती. तिचा नवरा चुनसिक त्याच्याबरोबर समुद्रावर जायचा. आणि जंगिम बाकीच्या बायकांबरोबर शेडमध्ये गिम वाळवायची. तीस वर्षं तिने ओल्या गिमच्या टोपल्या एकटीने उचलल्या होत्या. आता ती टोपलीला हात लावायच्या आधी मनगटाची नाडी बघायची.

"काय गं, आज दोन पाकळ्या का दीडच?" शेडमधली एखादी विचारायची, आणि बाकीच्या तोंडाला फडकं लावून हसायच्या. सुरुवातीला जंगिमही हसली. मग तिने शेडमध्ये जाणंच सोडलं.

पण घरी एकटीने राहणं त्याहून वाईट. नवरा आणि भाऊ समुद्रावर, मुलगी सोल्ही सोलला नोकरीला. एका दुपारी छाती अशी आवळून आली, की जंगिम रांगत उंबऱ्यापर्यंत गेली आणि दार उघडं टाकून, अर्धं अंग बाहेर काढून आडवी झाली. मेले तर वाटेवरून जाणाऱ्याला दिसेन तरी, एवढाच विचार. डिसेंबरचा वारा तोंडावर घेत ती तासभर तशी पडली होती. मग आवळणं सुटलं. ती उठली, दार लावलं आणि भात टाकला. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार?

डॉक्टर नाम मात्र कधी चिडला नाही. दर वेळी तो ईसीजी काढायचा, दोन्ही दंडांना पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा आणि तेच तीन प्रश्न विचारायचा. "एकदम सुरू झालं का, वीज पडल्यासारखं? आत काही फाटल्यासारखं वाटलं? दुखणं पाठीत सरकलं?"

"नाही. हळूहळू सुरू झालं."

"मग ठीक आहे, मावशी."

"मी खोटं नाही बोलत, डॉक्टरसाहेब."

"दुखतंय हे खरंच आहे. ते हृदयाचं नाही, एवढंच मी म्हणतोय."

"आणि दोन-दोन हात कशाला मोजता?"

त्याने एकदा समजावून सांगितलं होतं. महाधमनीची भिंत आतून उसवली, तर पुष्कळदा एका हाताचं रक्त कमी पडतं. दोन हातांच्या आकड्यांत मोठा फरक आला, तर मिनिटही दवडायचं नाही. "तुमचे आकडे सारखे आहेत. जा, जेवा पोटभर."

जंगिम ते आकडे तळहातावर पेनने लिहून घरी जायची. दोन्ही सारखे. रात्रीपर्यंत ते घामाने पुसले जायचे, आणि मग पुन्हा काही धरायला उरायचं नाही. मोक्पोच्या तातडीच्या विभागातही ती दोनदा जाऊन आली. रक्त तपासलं, फोटो काढला, घरी पाठवलं.

चुनसिक आधी बरा वागला. ती भिंतीला टेकून बसून झोपायची, तेव्हा तोही जागा राहायचा. पण फेब्रुवारीत, ऐन कापणीच्या दिवसांत, ती दुसऱ्यांदा मोक्पोहून परत आली तेव्हा धक्क्यावरच त्याचा तोल गेला.

"सोल्हीची आई, गावात मला तोंड दाखवायला जागा ठेव जरा. लोक विचारतात, तुझी बायको काय लाँचचा पास काढून बसलीय का?"

"तुम्हाला मी मेल्यावरच पटेल."

"मरतेय कोण? सगळे डॉक्टर सांगतायत, काही नाही म्हणून!"

"त्यांच्या झडपेला तीन पाकळ्या आहेत. त्यांचं काय जातंय?"

तो तिची पिशवी उचलून पुढे चालू लागला.

आणि गिल्सूदादा? बायको वारल्यापासून धक्क्याच्या वरच्या अंगाला एकटा राहणारा, अठ्ठावन्न वर्षांचा, बैलासारखा राबणारा माणूस. तपासणीच्या गाडीकडे तो कधी फिरकलाही नव्हता. जंगिम त्याच्या मागे लागून लागून थकली.

"दादा, घराण्यात असतं म्हणाले. एकदा चल ना."

"असेल की. आपली आई पहिल्यापासून हाताची आखडती. दोघांच्या पेजेत तिघांचं भागवायची. तसंच पाकळ्यांचं केलं असेल तिने." तो स्वतःच्याच विनोदावर गडगडून हसला.

"बाबा चौपन्नाव्या वर्षी गेले. होडीत उभ्या उभ्या कोसळले."

"बाबा प्यायले होते."

"तू होतास का तिथे?"

"अख्खं गाव म्हणतं."

"गाव मलाही वेडी म्हणतं."

गिल्सूने तिच्याकडे क्षणभर बघितलं. "हंगाम संपू दे," तो म्हणाला. "मेमध्ये जाऊ. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात समुद्रातली शेवटची जाळी काढून आणायची होती. त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं, की धक्क्यावर उभं राहून बांधलेली बोट दिसत नव्हती. समुद्रावर जाता येईना, म्हणून गिल्सू आणि चुनसिक आदल्या दिवशी आणलेली जाळी गुंडाळून पॉवर टिलरच्या ट्रॉलीत भरत होते. साडेआठच्या सुमाराला जंगिम त्यांच्यासाठी भात आणि गरम कालवण घेऊन आली.

गिल्सूने एक गठ्ठा उचलला, ट्रॉलीत टाकला आणि तो ताठ उभा राहिला. त्याचं तोंड उघडं होतं. दोन्ही हात मागे नेऊन तो पाठ चाचपू लागला.

"काय झालं हो मेहुणे?" चुनसिकने विचारलं.

"फाटलं," गिल्सू म्हणाला. "आत... काहीतरी फाटलं."

तो जाळ्यांच्या ढिगावर बसला. कपाळ घामाने डवरलं, चेहरा राखेसारखा झाला. चुनसिकने त्याच्या खांद्याला धरलं. "उसण भरली. वाकून उचलू नका म्हणून किती वेळा सांगितलं! घरी पाठीला लावायच्या पट्ट्या आहेत, आणतो."

जंगिमच्या हातातलं भांडं खाली आलं. ती भावासमोर गुडघ्यांवर बसली. अकरा वेळा विचारलेले ते तीन प्रश्न तिला तोंडपाठ होते. फाटल्याचं उत्तर तर त्याने आधीच दिलं होतं. उरलेले दोन तिने डॉक्टरसारखेच विचारले.

"दादा, एकदम सुरू झालं? वीज पडल्यासारखं?"

"हो."

"आधी छातीत, मग पाठीत सरकलं?"

"छातीत... मग पाठीत. आता खाली चाललंय." त्याने डोळे मिटले. "जंगिम, हे काय आहे गं?"

अकरा वेळा तिने नाही म्हटलं होतं. आज सगळ्याला हो होतं.

"अहो, पट्टी राहू दे! ट्रॉली रिकामी करा!"

"सोल्हीची आई, तू आता यांच्याही डोक्यात..."

"रिकामी करा म्हणते ना!" ती अशी किंचाळली, की धुक्यातून दोन-तीन माणसं धावत आली. ओली जाळी चिखलात भिरकावली गेली. गिल्सूला ट्रॉलीत आडवा केला आणि पॉवर टिलर फटफटत दवाखान्याचा चढ चढू लागला. जंगिम मागे बसून दोन्ही हातांनी भावाचं डोकं सांभाळत होती.

डॉक्टर नाम दाराशीच भेटला. सवयीने त्याची नजर आधी तिच्याकडेच गेली. "या मावशी. आज कुठे?"

"मला नाही. ह्याला!"

त्याने गिल्सूला आत घेतलं. ईसीजीच्या तारा लावल्या. कागदाची पट्टी निघाली, त्याने ती डोळ्यांखालून घातली. उजव्या दंडाचा रक्तदाब घेतला. एकशे अठ्ठावन्न.

"ईसीजी चांगला आहे," तो म्हणाला. "हार्ट अटॅक दिसत नाही. स्नायू आखडला असेल, नाहीतर पोटातलं..." तो बोलत होता, पण कपाळाला आठी होती. जंगिमला त्याचं बोलणं ऐकू येत होतं आणि नव्हतंही. हेच शब्द तिने अकरा वेळा ऐकले होते, आणि अकराही वेळा ते खरे ठरले होते.

"दुसरा हात," ती म्हणाली.

"काय?"

"माझे दोन्ही मोजता ना? ह्याचा दुसरा हात मोजा!"

डॉक्टर नामने पट्टा डाव्या दंडावर चढवला. यंत्र घरघरलं, थांबलं. त्र्याण्णव. त्याने पट्टा सोडवून पुन्हा बांधला. एक्क्याण्णव. मग त्या पोराच्या तोंडावरचा रंग उडाला आणि त्याने फोन उचलला.

हेलिकॉप्टर निघणार नव्हतं. मोक्पोपासून बेटापर्यंत सगळा समुद्र धुक्याखाली होता. तटरक्षकांची गस्ती बोट यायला निघाली, पण धुक्यात तिला दीड तास लागणार होता, आणि परत जायला दोन. डॉक्टरने वेदनेचं आणि रक्तदाब उतरवायचं इंजेक्शन दिलं. दवाखान्यात देण्यासारखं तेवढंच होतं.

"किती वेळ आहे?" चुनसिकने व्हरांड्यात त्याला विचारलं.

"सांगता येत नाही. जितका जातोय तितका वाईट."

"वाचतील ना?"

डॉक्टर नाम पुन्हा रक्तदाब मोजायला आत गेला. चुनसिक भिंतीला धरून उभा राहिला. जंगिम उघड्या दारातून त्याच्याकडे बघत होती, आणि त्याने मान वर केली तेव्हा त्याला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

वाट बघणं म्हणजे काय, हे जंगिमला त्या हिवाळ्याने शिकवलं होतं असं तिला वाटायचं. ते काहीच नव्हतं. ती भावाच्या उशाशी बसून त्याचा उजवा हात धरून होती. डावा थंड पडत चालला होता. इंजेक्शनने त्याला थोडी ग्लानी आली होती. मध्येच त्याने डोळे उघडले.

"जंगिम."

"बोलू नको, दादा."

"तुला... सगळा हिवाळा असंच दुखत होतं?"

 हो म्हणावं असं एक क्षण तिला वाटलंही. इतके महिने कुणीतरी असं विचारावं म्हणून तिचा जीव तळमळला होता.

"नाही," ती म्हणाली. "असं नाही. असं एकदाही नाही."

"मग बरं," गिल्सू म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.

दहा वाजून गेल्यावर भोंगा ऐकू आला. पण ओहोटी लागली होती. धक्क्यापुढे अर्धा मैल चिखल उघडा पडला होता, आणि मधल्या अरुंद खाडीतून गस्ती बोट आत येऊ शकत नव्हती. चुनसिकने कुणाला काही विचारलं नाही. त्याने गिम कापायची छोटी सपाट होडी खाडीत ओढली. चौघांनी गिल्सूला स्ट्रेचरसकट तिच्यात ठेवलं. डॉक्टर नाम चढला, जंगिम चढली.

"दिसत काही नाही," धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं. "चुनसिक, रुतलास तर भरतीपर्यंत सुटका नाही!"

"माहीत आहे मला!"

त्याने यंत्र अगदी मंद ठेवलं. एका हाताने बांबूने तळ चाचपत, भोंग्याच्या आवाजाकडे कान लावून तो होडी हाकत होता. दोनदा तळ चिखलाला घासला. दुसऱ्यांदा होडी अडकलीच. चुनसिक कमरेइतक्या गाळात उतरला आणि खांदा लावून त्याने ती ढकलली. त्याच्या तोंडून शिव्या आणि प्रार्थना एकदमच निघत होत्या.

त्याच वेळी जंगिमच्या छातीवर तो गुडघा आला. बरगड्या आवळल्या, डाव्या दंडात मुंग्या आल्या. तिचा हात आपोआप छातीकडे गेला. डॉक्टर नामने ते बघितलं.

"मावशी?"

"नंतर," ती म्हणाली, आणि तोच हात तिने भावाच्या अंगावरचं घोंगडं सावरायला वापरला. दुखणं थांबलं नाही. पण त्याच्याकडे द्यायला तिच्याजवळ लक्षच शिल्लक नव्हतं.

करडी बोट धुक्यातून एकदम डोक्यावर आल्यासारखी पुढे ठाकली. गिल्सूला वर ओढून घेतलं. चुनसिकला होडी परत न्यायची होती. गळ्यापर्यंत चिखलाने माखलेला तो खाली उभा राहून म्हणाला, "सोल्हीची आई, मी दुपारच्या लाँचने येतो." मग त्याला काहीतरी आणखी म्हणायचं होतं, पण तोवर बोट सुटली.

मोक्पोच्या धक्क्यावर रुग्णवाहिका होती, ती तशीच ग्वांगजूच्या मोठ्या दवाखान्यात गेली. अडीच वाजता गिल्सूला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. नऊ तास लागले. बाहेर आलेल्या सर्जनबाईंच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. महाधमनी मुळापासून उसवली होती, त्या म्हणाल्या, ती बदलली, झडपही बदलली.

"झडपेला किती पाकळ्या होत्या?" जंगिमने विचारलं.

बाईंना त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "दोन."

"मलाही दोनच आहेत." आणि मग इतके महिने जो प्रश्न तिने कुठल्याच डॉक्टरला विचारला नव्हता, तो तिने विचारला. "माझी कधी फाटेल?"

चुनसिक तिच्या शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सर्जनबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. उगाच धीर देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "फाटेलच असं नाही. फाटणार नाही असंही मी सांगू शकत नाही. उद्या तुमची मोजू."

दुसऱ्या दिवशी मोजली. त्रेचाळीस. मोजणीत एखाद-दुसरा मिलिमीटर इकडे तिकडे होतो, बाई म्हणाल्या. एरवी पन्नास होईपर्यंत थांबतात, पण भावाचं असं झाल्यावर आता ती वाट बघायची नाही. पंचेचाळीस झाली, की शस्त्रक्रिया. तोवर दर सहा महिन्यांनी मोजायची, जड उचलायचं नाही, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. मुलीला बोलावून घ्या. आणि छातीत दुखलं तर या. शंभर वेळा दुखलं तर शंभर वेळा या.

दोन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं अंतर. जंगिमने दवाखान्याच्या जिन्यात बसून दोन नखांमध्ये ते धरून बघितलं. चुनसिक दोन पायऱ्या खाली बसला होता. तो म्हणाला, "त्या दिवशी धक्क्यावर मी बोललो ते..." त्याला पुढे शब्द सापडले नाहीत. जंगिमने त्याला ते शोधून दिले नाहीत. ते तिला जमण्यासारखंही नव्हतं अजून.

गिल्सू आठव्या दिवशी शुद्धीवर आला. मेंदूला मधला काही वेळ रक्त कमी पडलं होतं. डावा हात लुळा पडला, पाय ओढत राहिला, जीभ जड झाली. समुद्रावर तो पुन्हा जाणार नव्हता, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. जंगिमने दवाखान्याजवळ खोली घेतली. रोज सकाळी ती त्याला पेज भरवायची. मीठ कमी पडलं, की तो तोंड फिरवायचा.

तिचं दुखणं काही गेलं नाही. कधी टोचायचं, कधी आवळायचं. आता ती तीन प्रश्न स्वतःच स्वतःला विचारायची आणि नाही, नाही, नाही अशी उत्तरं देऊन पुन्हा पेज ढवळायला घ्यायची. काही दिवशी तेवढ्याने भागायचं. काही दिवशी नाही भागायचं, आणि मग ती एक मजला उतरून तातडीच्या विभागात जाऊन बसायची. तिथली नर्स काही न विचारता दोन्ही दंडांना पट्टा बांधायची.

जूनमधल्या एका सकाळी चमचा तोंडाशी आला असताना गिल्सूने तो उजव्या हाताने बाजूला केला.

"तु... तुझं," तो म्हणाला. एकेक शब्द तो ओझ्यासारखा उचलत होता. "पुन्हा... कधी?"

"ऑक्टोबरात. मोजायला बोलावलंय."

त्याने पलंगाची कड धरून उठायचा प्रयत्न केला, आणि तो अर्ध्यातच मागे पडला. दम खाऊन म्हणाला, "मी... येणार. बरोबर."

जंगिमने त्याच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पुसली.

"ये," ती म्हणाली. "आधी हे संपव."